मावशीचा अर्ज

२०२४ च्या दिवाळीत मावशीकडं गेलो होतो. रात्रीची जेवणं उरकली, तिनं अडकित्त्यानं सुपारी कातरली, गावातल्या दोन-तीन भानगडी सांगून झाल्या आणि मग माझं अंथरूण बगलेत मारून ती अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीकडं निघाली. म्हटलं, समोर एवढं पक्कं घर असताना पत्र्यात कशाला? पक्कं म्हणजे भूकंपानंतर मिळालेलं, दोन खोल्यांचं, चारशे चौरस फुटांचं. तिनं काही न बोलता पक्क्या घराची कडी काढून दार ढकललं. आत पार छताला टेकतील अशी सोयाबीनची पोती. तेलकट, जरासा कुबट वास. एका कोपऱ्यात देव्हाऱ्यापुरती जागा सोडलेली आणि तिथवर जायला पोत्यांमधून एक बोळ. मी उगाच आवाज खाली आणून विचारलं, "अजून भीती वाटते का गं, स्लॅबखाली झोपायला?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग पदर तोंडाला लावून हसली. "भीती कशाची की बाबा? पत्र्यात ओल धरतंय सोयाबीन. हमीभाव चार हजार आठशे ब्याण्णव म्हणून सांगायलेत आन् आडतीवर चार हजाराच्या वर कुणी बोलंना. भाव येईस्तोर कुठं ठिऊ? माज्या डोक्यावर?"

झोप काही लागेना. पत्र्यावर लिंबाच्या काड्या पडत होत्या. राहून राहून मला माझाच तो खाली आणलेला आवाज आठवत होता, आजाऱ्याच्या उशाशी बसून लोक काढतात तसला. इतकी वर्षं मी या बाईच्या घरी येतोय, जेवतोय, तिच्याकडून डाळीचं गाठोडं नेतोय, आणि तरी तिच्या घरातली प्रत्येक वस्तू मला त्या एका पहाटेकडं बोट दाखवणारी वाटते. तिला मात्र ती नुसती पोती वाटतात. की तसं ती मला दाखवते?

त्या पहाटे आम्ही लातुरात होतो, भाड्याच्या घरात. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उशिरापर्यंत चाललेलं, पायांचा गुलाल धुवायचाही कंटाळा करून आम्ही पोरं तशीच आडवी झालेलो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. ही वेळ लातूरकडच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, मिनिटासकट सांगेल. आधी आवाज आला. कानाला ऐकू येण्याआधी पोटात कळणारा, खालून वर येणारा. मांडणीवरची भांडी एका सुरात थरथरायला लागली आणि मग पितळेची चरवी खाली पडून खोलीभर गडगडत गेली. वडिलांनी आम्हाला दंडाला धरून रस्त्यावर ओढलं. सगळी गल्ली रस्त्यावर, कपाळावर गुलाल, अंगात बनियन, आणि कुणालाच काय बोलावं ते कळत नव्हतं. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा पडल्या, तेवढ्यावर भागलं. दिवस उजाडला तसं कानावर यायला लागलं की किल्लारीकडचं काही खरं नाही. मावशीचं सासर तिकडंच, तेरणेच्या काठी. वडील आणि मोठा मामा एका ट्रकमध्ये उभं राहून गेले. पाऊस कोसळत होता. ते मावशीला घेऊन परत आले तेव्हा तिचा उजवा हात कोपरापासून सुजून काळानिळा झाला होता आणि अंगावर कुणाची तरी चादर होती. वडिलांचे कपडे आईनं धुतले नाहीत, परसात नेऊन जाळले.

मावशीची सासू गेली. आणि तिचा मुलगा गेला. लहान झालेले माझे शर्ट त्याला जायचे.

आमच्याकडची जुनी घरं ज्यांनी आतून पाहिली नाहीत त्यांना प्रश्न पडतो की सहा-सव्वासहा रिश्टरच्या धक्क्यात आठेक हजार माणसं जातात कशी. दीड-दोन हात रुंदीची दगड-मातीची भिंत. बाहेरून बघाल तर किल्ल्यासारखी, पण खरं पाहता त्या दोन भिंती: एक बाहेरून रचलेली, एक आतून, आणि मधे गोटे, कपच्या, माती. दोघींना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही. वर माळवद. लाकडी सरे, त्यावर फळ्या, त्यावर माती. पावसाळ्यात गळलं की पुढच्या उन्हाळ्यात आणखी माती. आजोबानं टाकली, बापानं टाकली, पोरानं टाकली, अशा पिढ्यांच्या मातीखाली माणसं झोपायची. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, असं सुखाचं घर दुसरं नाही. हादऱ्यानं भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि ती सगळी माती खाली आली. ज्यांची खणाची घरं होती, म्हणजे माळवद लाकडी खांबांवर उभं आणि भिंत नुसती आडोशाला, त्यांच्याकडं पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर पडल्या पण खांब उभे राहिले. मावशीचं अर्धं घर खणाचं होतं. ती त्या अर्ध्यात होती.

हे सगळं मला इंजिनियरनं नाही, मावशीनं शिकवलं. कसं, ते पुढं येईल.

वर्षभर आधीपासून जमीन कुरकुरत होती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीत हादरे बसत होते, ऑक्टोबरात एक चांगलाच बसला. लोक भिऊन बाहेर झोपले, अर्ज झाले, पाहणी झाली, दख्खनचं पठार म्हणजे ठाम जागा असं सगळेच धरून चाललेले, आणि माणूस किती रात्री अंगणात काढणार? हळूहळू सगळे आत गेले. नंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेनं किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिलं. ३३८ मीटरपर्यंत आपला काळा पाषाण आणि त्याखाली त्याहून फार जुना खडक. मी हे कुठंतरी वाचून मोठ्या उत्साहानं मावशीला सांगायला गेलो. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "खाली काय हाय ते बगितलं म्हणा. वर काय हाय ते आदी बगायचं हुतं."

भूकंपानंतरचे पहिले महिने मला वासांनी आठवतात. जंतुनाशकाची पांढरी भुकटी, ओली माती, फिनेल, आणि पत्र्याच्या शेडमधे तापलेल्या प्लास्टिकचा वास. आणि कपड्यांचे ढीग. देशभरातून लोकांनी ट्रकच्या ट्रक कपडे पाठवले, ते रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडले. जरीच्या साड्या, कोट, लहान पोरांचे सूट, टाय. ज्यांच्या अंगावर धड लुगडं नव्हतं त्या बायका त्या ढिगाजवळून जायच्या आणि उचलायच्या नाहीत. मावशीनं एक पोपटी नायलॉनची साडी घेतली होती, तीही आजीनं बळजबरी केली म्हणून. गाड्या यायच्या, माणसं उतरायची, हात जोडायची, डोळे पुसायची. त्यांच्यात चांगली माणसं खूप होती, हे मुद्दाम सांगतो. पाव-बिस्किटांनी आणि मिलिटरीच्या जवानांच्या हातांनी लोक जगवले, त्याला कुणी नाव ठेवू नये. पण जाताना जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा: तुमची जिद्द मोठी आहे. मावशीच्या शेजारच्या शेडमधली एक म्हातारी त्यावर हटकून म्हणायची, "जिद्द कसली आलीय डोंबलाची, मरण येईना म्हणून बसलाव."

शेडमधे मावशीला काही सुचेना. स्वयंपाक करायची आणि ताट वाढून बसून राहायची. काका (मावशीचे यजमान) तिच्याशी बोलेनात, कुणाशीच बोलेनात. शेवटी आजी गेली आणि तिला माहेरी घेऊन आली. आमचं आजोळ तिथून फार लांब नाही, पण तिथं माणसं वाचली होती. घरं तडकलेली, कुठं कोपरा ढासळलेला, एखादं माळवद खाली आलेलं. अशा गावांसाठी सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला होता. पूर्ण नेस्तनाबूत झालेली ५२ गावं दुसरीकडं वसवायची आणि बाकीच्यांनी आहे तेच घर मजबूत करायचं, टप्प्याटप्प्यानं पैसे घेऊन, स्वतः गवंडी लावून. दोनेक लाख घरांचा मामला. एवढ्या घरांत जाऊन हे समजावून सांगणार कोण? तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायका निवडल्या आणि त्यांना संवाद सहायक नेमलं. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ही संस्था. आजोळच्या गावात सातवीपर्यंत शिकलेली, हाताला काम नसलेली बाई कोण, तर मावशी.

इथं एक गोष्ट शहरातल्या वाचकाला सहज लक्षात येणार नाही. मावशी माहेरी होती म्हणून हे जमलं. गावची लेक होती ती. लेक डोक्यावरचा पदर न सावरता चावडीवर जाऊ शकते, पाटलाला 'काका' म्हणून हटकू शकते, सरपंचाच्या ओट्यावर बसून चहा मागू शकते. तीच बाई सासरच्या गावात सून. तिथं चावडीवरून जाताना पायातली चप्पल हातात. एवढं सगळं कोसळलं तरी सुनेला कुणी ग्रामसभेत बोलावलं नसतं. जिद्द तीच, दुःख तेच. पण एका गावात तिला तोंड होतं आणि दुसऱ्या गावात नव्हतं. माणूस कशानं सावरतो यावर पुष्कळ काही वाचलं, त्यात या असल्या गोष्टी कुणी लिहिलेल्या दिसत नाहीत.

काम काय, तर घरोघर जायचं, भेग मोजायची, कागद भरून घ्यायचे, हप्ता का अडकला ते सांगायचं, बायकांना सभेला आणायचं. नवखा इंजिनियर यायचा आणि फक्त पुरुषांशी बोलायचा. कोणत्या भिंतीत पाणी मुरतं, कोणता सरा वाळवीनं पोकळ झालाय हे घरात दिवस काढणाऱ्या बायकांना ठाऊक. मावशी त्यांना पुढं करायची. भिंतीचे ते दोन सुटे थर एकत्र बांधायचे तर ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. काही गवंडी मोठे हुशार. भोक निम्म्यातच थांबवायचे, तोंडाशी काँक्रीट थापायचे आणि बाहेरून सगळं झकास दिसायचं. मावशी काँक्रीट भरायच्या आधी हजर. हातात ज्वारीचं धाट. ते भोकात घालायचं आणि पलीकडं उभ्या पोराला विचारायचं, आलं का रे? पोरगं 'आलं' म्हणालं तर पुढं काम. एका गवंड्यानं तिला म्हटलं होतं म्हणे, बाई, माझ्यावर इस्वास न्हाई का? मावशी म्हणाली, "भिंतीवर हुता. तिनं माजं लेकरू खाल्लं."

मला हे वाक्य तिनं सांगितलेलं नाही. त्या गवंड्यानंच फार वर्षांनी सांगितलं. मावशीनं आमच्यासमोर मुलाचा विषय कधी काढलाच नाही. अजूनही काढत नाही.

तिच्या हाताला काम लागलं तशी ती जेवायला लागली. भांडायला लागली, जे त्याहून महत्त्वाचं. तालुक्याला जाऊन साहेबाच्या टेबलापुढं उभी राहायला लागली. दर महिन्याला थोडे पैसे यायचे, त्यातले काही ती बायकांच्या बचत गटात टाकायची. एखाद्या सभेत सगळ्यांसमोर हसली असेल, तर घरी येऊन त्या रात्री भाकरी न खाता झोपायची. हे आजीनं सांगितलेलं. हसल्याचं प्रायश्चित्त घ्यायची बहुतेक. हळूहळू तेही थांबलं.

तिकडं काका शेडमधेच होते. त्यांना सगळं मिळालं. नुकसानभरपाई मिळाली, धान्य मिळालं, पुढं रांगेतला नंबर लागून घर मिळालं. जमिनीच्या हिशेबानं घरं ठरली होती: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, त्यावरच्यांना चारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. कागदावर यात काही चूक दिसत नाही. पण जुन्या गावात गल्ली होती, भावकी होती, भिंतीला भिंत होती. नव्या गावात सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आणि ज्याचं जेवढं रान तेवढ्या मापाच्या घरांची रांग. सख्खे भाऊ गावाच्या दोन टोकांना गेले. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, याचा विचारच नव्हता, तेव्हा संडासात कडबा रचला गेला आणि पाहुण्या साहेबांनी कपाळाला हात लावला. मी असतो तर मीही कडबाच ठेवला असता. काकांनी त्या घराची किल्ली घेतली आणि पारावर जाऊन बसले. पैसे आले तसे गावात दारूचे धंदेही आले. काका काही वर्षं त्यात होते. मग आपणहून सुटले, का ते कुणाला कळलं नाही.

मावशी सासरी परतली ती वेगळीच बाई होऊन. नव्या गावात तिनं गट काढला, रेशन दुकानदाराशी वैर घेतलं, आरोग्य केंद्रात गावातल्या बाळंतिणींबरोबर रात्री काढल्या. गावात कुजबुज झाली, मग कुजबुज थकली. नातेवाइकांत मात्र कायमचा एक हिशेब होऊन बसला: मावशी उभी राहिली, काका खचले. लग्नकार्यात दोघं आली की हे वाक्य कुणी ना कुणी म्हणायचंच. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. मग एका सप्टेंबरात काकांबरोबर जुन्या गावाच्या जागेवर गेलो. पांढरीवर आता बाभळी माजल्यात. कुठं जात्याची तळी, कुठं उंबऱ्याचा दगड. काका न चुकता चालत एका लिंबाशी गेले, तिथं बसले, आणि मला मुलाबद्दल सांगायला लागले. त्याला 'र' म्हणता यायचा नाही. तो शेळीच्या करडाला घरात घेऊन झोपायचा हट्ट धरायचा. विसर्जनाला तो काकांच्या खांद्यावर होता आणि तिथंच झोपी गेला होता. दर वर्षी येतो म्हणाले. मावशी येते का, असं मी विचारलं. म्हणाले, "ती कशी यील? तिला कामं असतेत. मी हाय की इथं."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. दोघांत कधीतरी न बोलता वाटणी झाली असावी. बाहेरचं जग तिच्याकडं, आणि पोराचं जे काही उरलं ते यांच्याकडं. तिला पुढं चालता आलं कारण मागं कुणीतरी बसून होतं. आता काका नाहीत. करोनाच्या आधीच्या वर्षी गेले. तेव्हापासून सप्टेंबरात मावशी एकटी त्या लिंबाकडं जाते, असं शेजारीण म्हणते. मी मावशीला विचारलं नाही.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बायका तिकडं गेल्या. संस्थेनं नेल्या. मावशी त्यांत होती. घरापासून एवढं लांब ती पहिल्यांदाच गेली. गुजराती शून्य, हिंदी आमच्या मराठवाड्याची, म्हणजे निम्मी मराठीच. कच्छी बायका घोळका करून बसल्या आणि त्यांनी विचारलं, बेन, यातून बाहेर पडायला किती दिवस लागतात? आमच्या घरात हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो, कारण सगळ्यांना वाटतं मावशीनं तिथं काहीतरी डोळ्यांत पाणी आणणारं सांगितलं असेल. मावशीनं सांगितलं, पावत्या जपा. जे काही मिळेल, पोतं असो की पत्रा, त्याचा कागद घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. घर कुणाच्या नावावर करतात ते बघा, बाईचं नाव घाला. पाणी कुठं येणार ते आधी विचारा आणि मग घर कुठं ते ठरवा. गवंडी भोक पाडेल तेव्हा समोर उभ्या राहा. परत आल्यावर तिला सगळ्यात जास्त काय सांगायचं होतं, तर तिथल्या गोल घरांबद्दल. भुंगे म्हणतात त्यांना. बाजूला सगळं भुईसपाट आणि मातीचं ते गोल घर तसंच उभं! त्सुनामीच्या मोठ्या लाटेनंतर तमिळनाडूकडंही काही जणी गेल्या, तेव्हा मावशीचा गुडघा धरला होता. ते तिला अजून सलतं.

मध्यंतरी आमच्या कंपनीत एक व्याख्याते आले होते. संकटातून उसळी मारणाऱ्या माणसांवर बोलले. पडद्यावर चेंडूचं चित्र. मग आम्हाला एक प्रश्नावली दिली, आपण किती खंबीर ते मोजायला. घरी येऊन मी जरा शोधलं. १९९६ साली, म्हणजे मावशी भोकांत धाटं घालत फिरत होती साधारण त्याच काळात, अमेरिकेत रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. माणसांशी जवळीक वाढली का, नव्या वाटा दिसल्या का, आपल्यातली ताकद कळली का, श्रद्धा बदलली का, जगण्याची किंमत कळली का. दोघं समंजस वाटतात. वाढ झाली म्हणजे दुःख गेलं असं ते म्हणत नाहीत. दोन्ही एकाच घरात नांदतात असं त्यांचंही म्हणणं आहे. आमच्या व्याख्यात्यांनी तेवढं नेमकं गाळलं होतं. पण मोजपट्टीतले सगळे प्रश्न माणसाच्या आतले. तुला कुणी सभेला बोलावलं का, तुझ्या हातात एखादं काम दिलं का, तू बोललीस ते कुणी वहीत लिहून घेतलं का, असं त्यात काही नाही. मावशीच्या बाबतीत तर मला तेवढंच दिसतं. ती आधी सावरली आणि मग कामाला लागली असं झालंच नाही. कामाला लागली तेव्हा तिची उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती.

आणि प्रत्येकाला ते मिळालं असंही नाही. भारतीय जैन संघटनेनं त्या भागातली बाराशे मुलं पुण्याला शिकायला नेली. त्यांतला एक आमच्या ओळखीचा, आज चांगल्या नोकरीत, शिकला त्या वाघोलीच्याच बाजूला फ्लॅट. तो गावाकडं फिरकत नाही, बोललो तर क्रिकेटवर बोलतो. त्याचं उत्तम चाललंय, आणि ते तसंच चालू द्यावं. उलट मावशीच्याच रांगेत एक बाई आहे, मावशीच्याच वयाची. ती अजूनही कुणी हाक मारली की दचकून आधी दाराकडं बघते. मावशी रोज संध्याकाळी तिच्याकडं जाऊन बसते आणि दोघी टीव्हीवर मालिका बघतात. त्या बाईत जिद्द कमी होती असं कुणी म्हणालं, तर मावशी त्याला उभा-आडवा घेईल.

२०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज यायला लागले. भर पावसात लोक घराबाहेर. सगळ्या जिल्ह्यात अफवांना ऊत. मी पुण्याहून फोन लावला. मावशीचा आवाज एकदम कारभारणीचा: गावात दवंडी दिलीय, म्हाताऱ्यांना शाळेच्या पटांगणात नेलंय, कोणाच्या घरावर अजून दगड ठेवलेत ते उतरवायला लावलेत, तू काळजी करू नको. मी निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी मावसबहिणीचा फोन आला. ही भूकंपानंतर झालेली. म्हणाली, दादा, आई रात्रभर अंगणात बसून होती, माझा हात मनगटापाशी धरून. सोडेचना. सकाळी बघते तर वळ उठलेत.

तेव्हा त्या सोयाबीनबद्दल आता मला विचाराल तर मी पैज लावणार नाही. पत्र्यात ओल धरते हेही खरं आहे. ती रात्र मनगटावर उमटली होती हेही खरं आहे. कोणतं किती, ते तिलाही सांगता येणार नाही, आणि तिनं ते मला सांगावंच असं कुठं आहे.

त्या दिवाळीत मी निघणार त्या सकाळी तिनं मला कामाला लावलं. काका गेल्यापासून घर तिच्या नावावर व्हायचं राहिलंय. वारस नोंद, ठराव, उतारा, पुन्हा ठराव. कार्यालयात प्रत्येक खेपेला नवा कागद निघतो. "तू शिकला-सवरलेला, एक झकास अर्ज लिहून दे," म्हणाली. मी पोत्याला टेकून बसलो आणि मन लावून लिहिलं. सुरुवातच अशी केली: 'मी, १९९३ च्या प्रलयंकारी भूकंपात आपले सर्वस्व गमावलेली एक अभागी वृद्ध विधवा...' वाचून दाखवायला लागलो. पहिल्याच ओळीला तिनं हात वर केला.

"ते काड आदी."

"अगं, परिणाम होतो त्याचा."

"हुतो की. साहेब च्या पाजतंय, लई वाईट झालं म्हणतंय, आन् कागुद ठिवतंय बाजूला." तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "घर नंबर लिव. ठरावाची तारीख लिव. मागच्या अर्जाचा जावक नंबर माज्या पिशवीत हाय, त्यो लिव. आन् खाली लिव, पंधरा दिवसांत उत्तर न्हाई आलं तर म्होरल्या म्हैन्याच्या पैल्या सोमवारी लोकशाही दिनाला कलेक्टरपुढं येते म्हणून. बस झालं. एवढ्याला कशाला लागतंय पानभर?"